सापळ्यात शून्य पतंग: सातवीच्या वर्गातल्या संगणक खेळांचं एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटच्या बाजाराला कापूस नेणारं एक गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गाचं हे प्रकरण आहे. वर्गात पंचवीसेक मुलं. बहुतेकांच्या घरी कपाशी, तूर, सोयाबीन; काहींच्या घरी शेत नाही, आईवडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. लोकसहभागातून मिळालेले सहा जुने लॅपटॉप, एक स्मार्ट टीव्ही आणि वीज गेली की जेमतेम एक तासिका तग धरणारा इन्व्हर्टर, एवढी सामग्री. मी त्याच केंद्रातल्या शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. या वर्गाच्या मॅडमना खेळ बनवायला मदत हवी होती म्हणून तिथे जाऊ लागलो, आणि वर्षभर जे पाहिलं ते इथे सविस्तर मांडतो आहे. आपल्याकडे 'डिजिटल शाळा' म्हटलं की उपकरणांची यादी येते. त्या उपकरणांसमोर बसून मुलं नेमका कसा विचार करतात, याची नोंद फार कमी ठेवली जाते.

मॅडमची अडचण अशी होती. मुलं हुशार होती, पाढे पक्के होते, वाचन बरं होतं. पण "कशावरून म्हणतोस?" असं विचारलं की वर्ग गप्प. कुणी म्हणायचं "पुस्तकात हाय", कुणी "सर म्हणाले होते". मोबाईलवर आलेल्या व्हिडिओबद्दलही तेच. एका टॉनिकच्या फवारणीने बोंडं दुप्पट लागतात, असा एक व्हिडिओ त्या मोसमात गावभर फिरत होता. मुलांनी तो पाहिला होता आणि खरा धरला होता. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या सर्वेक्षणात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. सातवीतली पोरं त्या वयाच्या उंबरठ्यावर उभी आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे. वर्गात तो कसा ओळखायचा, हे मॅडमनी स्वतःपुरतं अगदी साधं ठरवलं. मुलाने एखादी गोष्ट मानण्याआधी 'कशावरून' विचारावं, आणि स्वतःचं म्हणणं खोटं पाडू शकेल असा पुरावा स्वतः शोधायला जावं. यातला दुसरा भाग अवघड आहे. तो मोठ्यांनाही सहज जमत नाही.

खेळच का, आणि कुठले

'शैक्षणिक' म्हणून मिळणारे बहुतेक खेळ मॅडमनी सुरुवातीलाच बाजूला सारले. बेरीज बरोबर आली की फुगा फुटतो, राजधानी ओळखली की तारा मिळतो. अशा खेळांत पाठांतर तपासलं जातं, विचार नाही. त्यांची अट होती की खेळात मुलाला अंदाज बांधावा लागला पाहिजे, अंदाज चुकला तर ते खेळातूनच कळलं पाहिजे, आणि पुढची चाल आधीच्या उत्तरावरून ठरवता आली पाहिजे. वर्गात चुकीचं उत्तर दिलं की मुलाची मान खाली जाते. खेळात चूक ही पुढच्या चालीची माहिती असते. खेळ वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

सामग्री कमी असल्याची काळजी मीच बोलून दाखवली होती. पण वर्गातल्या संगणक खेळांचा इतिहासच मुळी तुटवड्यातून सुरू झाला आहे. 'ओरेगॉन ट्रेल' हा अशा खेळांतला अगदी सुरुवातीचा गाजलेला खेळ. १९७१ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने तो आठवीच्या इतिहासाच्या तासासाठी तयार केला. त्याला पडदाच नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर एकेक ओळ छापायचं आणि मुलं त्याभोवती गोळा होऊन अन्न, बैल, गोळ्या यांवर किती खर्च करायचा ते ठरवायची. एका यंत्राभोवती सगळी मुलं म्हटल्यावर चाल करण्याआधी बोलणं आलंच. आमच्या सहा लॅपटॉपांकडे मॅडमनी त्याच नजरेने पाहिलं. एका लॅपटॉपवर चारपाच मुलं, आणि चाल करण्याआधी गटाचं एकमत.

लॅपटॉप उघडण्याआधी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पहिले काही दिवस मॅडमनी लॅपटॉप कपाटातच ठेवले. फळ्यावर २, ४, ६ असे तीन आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "हे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, बसतात की नाही एवढंच मी सांगणार. नियम सापडला असं पक्कं वाटेल तेव्हाच नियम बोला."

"८, १०, १२." बसतात. "२०, २२, २४." बसतात. "१००, १०२, १०४." बसतात.

"दोन-दोननं वाढते, मॅडम!"

नाही.

वर्गाला हे पटेना. इतक्या वेळा 'बसतात' आलं, मग नियम चुकला कसा? "मंग सम आकडे असन," एकीने सांगितलं. तेही नाही. आणखी सम आकड्यांची त्रिकुटं आली, सगळी बसली. शेवटी एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "६, ४, २?"

"नाही बसत."

एखाद्या त्रिकुटाला मिळालेलं, सगळ्या तासातलं ते पहिलं 'नाही'. त्यासरशी वर्ग जागा झाला. १, २, ३ बसले. ५, ४०, ४१ बसले. नियम एवढाच होता की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा.

हा प्रयोग पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली लंडनमध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केला होता, आणि त्यांच्यातल्याही फार थोड्यांना पहिल्याच घोषणेत नियम बरोबर सांगता आला. माणूस आपल्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणं विचारत राहतो. मॅडमनी फळ्यावरचं काहीच पुसलं नाही. एकेका त्रिकुटावर बोट ठेवून विचारलं, "हे विचारताना तुम्हाला 'हो' येईल असं वाटत होतं की 'नाही'?" उलट्या त्रिकुटापर्यंत प्रत्येकाचं उत्तर 'हो' होतं. मुलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भाषण देऊन हे समजावता आलं नसतं.

त्याच आठवड्यात अंदाजवही सुरू झाली. साधी शंभरपानी वही, तीन रकाने: मला काय वाटतं, कशावरून वाटतं, आणि माझं चुकत असेल तर काय दिसेल. माऊसला हात लावण्याआधी तिन्ही रकाने भरायचे. तिसरा रकाना बरेच दिवस कोरा राहायचा. मुलं लिहायची, "चुकनारच नाही."

रंगांचे तास

पहिला संगणक खेळ 'जीकॉम्प्रिस'मधला होता. हा लहान मुलांच्या खेळांचा मोफत संच आहे, २००० सालापासून विकसित होत आला आहे, एकदा टाकून घेतला की इंटरनेट लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही चालतो. आमच्यासारख्या शाळेला एवढी कारणं पुरेशी होती. त्यात लपलेले रंग ओळखायचा एक खेळ आहे. त्याचं मूळ 'मास्टरमाइंड' या पटावरच्या खेळात, जो मोर्डेकाय मेयरोविट्झ यांनी १९७० च्या सुमारास तयार केला. खेळणारा रंगांची एक रांग मांडतो. उत्तरात कळतं की किती रंग बरोबर जागी आहेत आणि किती बरोबर असून चुकीच्या जागी आहेत. खेळाच्या वरच्या पायऱ्यांवर फक्त आकडे कळतात, कुठला रंग ते कळत नाही.

मुळातला पट चार जागांचा आणि सहा रंगांचा. मॅडमनी त्याचं गणित मुलांकडूनच करवून घेतलं: ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६ शक्यता. मग टीव्हीवर सगळ्यांसमोर पहिली चाल मांडली, लाल-लाल-निळा-निळा. उत्तर आलं शून्य, शून्य. वर्गातून "अरेरे" असा सूर निघाला. एक मुलगा म्हणाला, "चाल वाया गेली."

"वाया? आता लाल कुठे असू शकतो?"

"कुठंच नाही."

"निळा?"

"तोबी नाही."

"मग उरले किती रंग?" चार. ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६. १,२९६ मधून २५६ वजा केले तर १,०४० उरतात. एका शून्याने एक हजार चाळीस शक्यता घालवल्या. मुलांनी हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहिला, काहींनी भोवती चौकट काढली. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिलं की नीट विचार करून खेळलं तर कुठलीही रांग जास्तीत जास्त पाच चालींत सापडते, आणि त्याच्या पद्धतीची पहिली चालही अशीच असते, दोन रंग दोन-दोन वेळा. हे ऐकल्यावर मुलं नशिबावर हवाला ठेवून खेळायची थांबली. पाच चालींत होतं म्हणजे त्याला रीत आहे, आणि ती रीत आपल्याला शोधता येईल, असं त्यांना वाटू लागलं.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिसरा रकाना भरू लागला. एका मुलीच्या वहीतली ओळ मी उतरवून घेतली: "हिरवा पयल्या जागी असन. मागच्या चालीत हिरवा होता अन् एक बरोबर आला. चुकीचं असन तं आता शून्य येईन." तिच्या शुद्धलेखनाला मॅडमनी लाल शाई लावली नाही, आणि ते योग्यच होतं. या वहीत विचार उमटायला हवा होता, आणि मूल विचार घरच्या बोलीत करतं.

माऊस कुणाच्या हातात

गटांमध्ये एक जुनी गोष्ट लगेच दिसली. माऊस एका धीट मुलाच्या हातात, बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघणारे, आणि मुली बहुतेक मागच्या रांगेत. एका संगणकाभोवती अनेक मुलं बसली की असं होतं, हे भारतातल्या शाळा पाहणाऱ्या संशोधकांनीही नोंदवलं आहे. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ च्या सुमारास त्यावर उपाय म्हणून एकाच संगणकाला अनेक माऊस जोडण्याचे प्रयोग झाले. आमच्याकडे जादा माऊस नव्हते. मॅडमनी नियम केला की माऊस धरणाऱ्याने चाल ठरवायची नाही आणि चाल ठरवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. चाल ठरवणाऱ्याने कारण मोठ्याने सांगायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं, चौथ्याने शंका काढायची. दर दोन खेळांनी कामं बदलायची.

शंका काढणाऱ्याचं काम सर्वांना आवडलं. वर्गात एरवी शंका काढली की 'जास्त शहाणा' ठरतो. इथे शंका काढणं ही जबाबदारीच होती.

पालकांचा विरोध

पालकांचा विरोध होणार, हे गृहीतच होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक जण उठून म्हणाले, "मोबाईलवर गेम खेळू खेळू पोट्टे बिघडले, आता शाळेतबी गेमच शिकवता काय बाप्पा?" त्यांची भीती खरी होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत घरं बुडाल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना मात्र वेगळं धरून प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. मॅडमनी हे सांगितलं, पण वाद घातला नाही. फळ्यावर २, ४, ६ लिहिलं आणि पालकांनाच खेळायला लावलं.

पालकही दोन-दोनच्या पायरीवरच अडकले. प्रश्न विचारणारे गृहस्थ सर्वांत जास्त रंगले. शेवटी त्यांच्याच मुलीने दारातून सांगितलं, "बाबा, उलटं विचारा नं." त्यानंतर विरोध मावळला असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी शेवटपर्यंत नाराजी ठेवली. पण बहुतेकांना आपली मुलं काय करतात हे कळलं.

कपाशीचा खेळ

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही गावात चाललं असतं. मॅडमना ते पुरेसं वाटत नव्हतं, आणि मलाही. सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली, की शिक्षण हाताच्या कामातून आणि आजूबाजूच्या जगण्यातून उगवावं. त्या जिल्ह्यात शिकवणाऱ्या माणसाला रंगीत गोळ्यांपाशी थांबवत नाही. आणखी एक कारण होतं. शिकलेली युक्ती एका क्षेत्रातून दुसऱ्यात आपोआप जात नाही, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत बुद्धिबळ शिकवून पाहिलं, तर मुलांच्या गणितातल्या गुणांवर परिणाम दिसला नाही, असा अहवाल २०१६ मध्ये आला. रंग ओळखण्यात तरबेज झालेलं मूल टॉनिकच्या व्हिडिओवर शंका घेईल, असं धरून चालणं धोक्याचं होतं. मध्ये पूल शिक्षकालाच बांधावा लागतो.

म्हणून आम्ही स्क्रॅचमध्ये एक खेळ बनवला. स्क्रॅच हे एमआयटीने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं मोफत साधन. ठोकळे जोडून खेळ बनवता येतो आणि इंटरनेटशिवायही चालतं. विषय होता गुलाबी बोंडअळी. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातल्या कपाशीचं काय केलं, ते मुलांनी घरात ऐकलेलं होतं. बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेली बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये, आणि पुढे बोंडअळीने दोन्हींना दाद देणं सोडलं. आता शेतकऱ्याला अळी वेळेवर ओळखणं हाच आधार.

खेळाचा नियम कृषी खात्याच्या शिफारशीवरून घेतला, आणि गावच्या कृषी सहायकांकडून तपासून घेतला. अळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडल्यावर त्यांतली दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर उपाय करायची वेळ आली. अळीमुळे न उमलता मिटलेली राहिलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसू लागणं हीदेखील खूण. पडद्यावर रोज सापळ्याचा आकडा येतो. खेळणाऱ्याकडे तीन बटणं: थांबा, बोंडं फोडून पाहा, फवारा. फवारलं की पैसे जातात आणि ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटक कमी होतात, मग मावा आणि पांढरी माशी वाढतात. उशीर केला तर बोंडं जातात.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे गट पहिल्या रात्री तीनचार पतंग दिसताच फवारायला धावले आणि मोसमाच्या मध्यावर पैसे संपून बसले. हे घरी पाहिलेलंच होतं. "शेजाऱ्यानं फवारलं का आपणबी फवारा लागते," असं एका मुलाने कारण म्हणून वहीत लिहिलं. शंका काढणाऱ्याने खाली विचारलं, "त्याच्या वावरातले पतंग आपल्याइतकेच हायेत, कशावरून?" पुढच्या फेऱ्यांत 'बोंडं फोडून पाहा' हे बटण जास्त वापरलं जाऊ लागलं.

एक काळजी इथे सांगायलाच हवी. २०१७ च्याच मोसमात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे खेळात फवारणीचं बटण असलं तरी प्रत्यक्षात मुलांनी फवारणीच्या जवळपास जायचं नाही, फवारलेल्या वावरात पाय ठेवायचा नाही, हे मॅडमनी परिपाठातही सांगितलं आणि पालकांनाही. असा खेळ करू इच्छिणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने हे पहिल्याच दिवशी करावं.

ती म्हणाली, आमच्या वावरात तं शून्यच येते

सप्टेंबरअखेर या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तास झाला, आणि त्याची आखणी कुणीच केली नव्हती. एका गटाने खेळात सापळ्याचा आकडा शून्य पाहिला आणि चाल ठरवणाऱ्याने सांगितलं, "थांबा." कारण: शून्य म्हणजे अळी नाही. रंगांच्या खेळात शून्याने एक हजार चाळीस शक्यता घालवल्या होत्या, त्यामुळे शून्यावर सर्वांचा विश्वास होता. त्या दिवशी शंका काढायचं काम मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे होतं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या वावरात तं रोज शून्यच येते. पण डोमकळ्या हायेत."

मॅडमनी खेळ तिथेच थांबवला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: सापळा म्हणतो अळी नाही. फूल म्हणतं अळी आहे. "दोघांपैकी कोण चुकत असेल, आणि ते कसं तपासाल?"

मुलांनी बरंच काही सुचवलं. पतंग दुसरीकडे गेले असतील. डोमकळी दुसऱ्या कशाने झाली असेल. सापळा फाटला असेल. पाऊस होता म्हणून पतंग उडालेच नसतील. एकाने विचारलं, "सापळ्यात पतंग येतेच काऊन?" हा प्रश्न नेमका मुळाशी जाणारा होता. सापळ्यातल्या ल्युअरला मादी पतंगासारखा गंध असतो, त्या गंधाने नर येतात, आणि तो गंध काही आठवड्यांत उडून जातो, हे मी तेव्हा सांगितलं. "मंग तुमचं ल्युअर कवाचं हाय?" सगळ्या वर्गाने तिलाच विचारलं. तिला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी, तिच्या वडिलांच्या परवानगीने, मॅडम आणि काही मुलं त्या वावरात गेली. फवारणी झालेली नाही याची आधी खात्री केली होती. ल्युअर पोळ्याच्या आधी लावलेलं होतं आणि पाकिटावरची मुदत उलटून गेली होती. मुलांनी वावराच्या वेगवेगळ्या भागांतून वीस बोंडं घेतली. सगळी धुऱ्याकडचीच घ्यायची नाहीत, हा आग्रह मुलांचाच. फोडली. तीन बोंडांत गुलाबी अळी. पंधरा टक्के. वडील बराच वेळ बोंडाकडे पाहत होते, मग म्हणाले, "मी तं सापळा पाहून निश्चिंत होतो." त्यांनी त्याच दिवशी कृषी सहायकांना फोन केला आणि पुढचा निर्णय त्यांच्या सल्ल्याने घेतला. ल्युअर बदलल्यावर सापळ्यात पतंग दिसू लागले.

सोमवारी वर्गात मॅडमनी विचारलं, "रंगांच्या खेळातलं शून्य आणि सापळ्यातलं शून्य यांत फरक काय?" बोलणं लांबलं, मधली सुट्टी होऊन खिचडीची वेळ झाली तरी संपेना. मुलांच्या बोलण्याचा सारांश असा: संगणक उत्तर देताना कधी चुकत नाही, म्हणून त्याच्या शून्याला किंमत आहे. सापळा हे एक साधन आहे, ते बिघडतं, आणि बिघडलेलं साधनही शून्यच दाखवतं. माझ्या मते हे प्रकरण लिहावं ते या एका गोष्टीसाठी. खेळातलं जग प्रामाणिक असतं. मुलाला त्या प्रामाणिक जगात तर्क शिकता येतो, पण बाहेरच्या जगात आकडा देणाऱ्यालाही तपासावं लागतं, आणि ही पायरी आमच्या खेळात नव्हती. ती एका मुलीने स्वतःच्या वावरातून आणली.

त्यानंतर मुलांनी थेट मागणीच केली: "सर, गेममधला सापळा खोटं काऊन नाही बोलत?" मी स्क्रॅचमध्ये 'ल्युअरचं वय' असा नवा चल घातला. त्याचे नियम मुलांनी ठरवले: ल्युअर जुनं झालं की पतंगांचा आकडा हळूहळू पडायचा, पावसाच्या रात्री आणखी कमी. अंदाजवहीत चौथा रकाना आला: "हा आकडा देणारं साधन ठीक हाय काय?"

काय बदललं, काय नाही

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली आणि हजेरी घटली; काही आठवडे गट मोडलेले राहिले. नवे गट बसवताना कामांची वाटणी पुन्हा शिकवावी लागली. वीज गेली की खेळ कागदावर चालायचा, आणि कागदावर तो कधीकधी जास्त चांगला चालायचा, कारण बटण दाबायची घाई नसायची.

मॅडमनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच प्रश्न लेखी विचारला होता: गावातल्या एकाने टॉनिक फवारलं आणि बोंडं जास्त लागली, तर ते घ्यावं का? सुरुवातीला बहुतेकांनी 'हो' लिहिलं, काहींनी किंमत विचारली. शेवटी अनेकांनी प्रश्नालाच प्रश्न विचारले. न फवारलेल्या ओळींत किती लागली? बियाणं एकच होतं काय? पाणी सारखं दिलं होतं काय? बोंडं कुणी मोजली, टॉनिक विकणाऱ्याने की शेतकऱ्याने? हा शेवटचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. तो चौथ्या रकान्यातूनच आलेला होता.

पण सगळ्यांचं असं झालं नाही. रंगांच्या खेळात सर्वांत वेगवान असलेल्या मुलाने टॉनिकच्या प्रश्नाला शेवटीही फक्त 'हो' लिहिलं. खेळ जिंकण्याची युक्ती त्याला आली होती, पण बोलणं आणि लिहिणं तो टाळत राहिला होता. संकलित चाचणीच्या गुणांत डोळ्यात भरेल असा फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता, त्यामुळे जे बदललं ते खेळाने, वहीने की मॅडमच्या प्रश्नांनी, हे वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर वही आणि प्रश्न यांच्याशिवाय खेळ नुसता फुगे फोडत राहिला असता. आणि खेळाशिवाय वही कोरी राहिली असती, कारण चूक करून पाहायला तेवढी मोकळी जागा वर्गात दुसरीकडे कुठे नव्हती.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मॅडमनी हे मांडलं. तिथून दोन शाळांनी खेळ नेला. एक शिक्षक तो तुरीच्या घाटेअळीसाठी बदलत आहेत. सातवीच्या वर्गात मात्र एक वाद अजून चालू आहे. नव्या खेळात ल्युअरचं वय पडद्यावर आपोआप दिसावं, की खेळणाऱ्याने आठवणीने विचारलं तरच दिसावं? अर्धा वर्ग म्हणतो, दिसलं नाही तर नवीन मूल हरत राहील आणि खेळ सोडून देईल. शंका काढणारी ती मुलगी आणि तिच्या बाजूचे म्हणतात, वावरात कोणी आपोआप दाखवत नाही. मॅडमनी दोन्ही आवृत्त्या लॅपटॉपवर ठेवल्या आहेत. येणाऱ्या सहावीच्या मुलांना दोन्ही खेळायला देऊन, कुठल्या आवृत्तीनंतर ती मुलं सापळ्याबद्दल जास्त प्रश्न विचारतात, हे मोजायचं काम सातवीच्याच मुलांनी अंगावर घेतलं आहे.